मले मालूम नाही

एकदा माझा साडू पहिल्यांदाच अमरावतीला आमच्याकडे आला. माझ्या घरासमोर, अगदी फाटकाजवळ उभं राहून त्यानं समोरच्या अंगणात जास्वंदीला पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "प्रोफेसर साहेबांचं घर कोणतं हो?"

"मले मालूम नाही," म्हातारा म्हणाला.

साडूनं मागं वळून पाहिलं. माझ्या नावाची पितळी पाटी तिथंच चमकत होती. "अहो, इथं तर पाटी आहे!"

"मंग पाटीले विचारा."

ते आमचे काका. माझे नात्यानं कोणी नव्हते. सगळी कॉलनीच त्यांना काका म्हणत असे आणि पाठीमागं 'मालूम नाही काका'. कोण कुठं राहतो, कोण घरी आहे, कोणाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, कोणाची बदली झाली, काहीही विचारा, उत्तर एकच. आणि हे सगळं त्यांना पक्कं ठाऊक असायचं, कारण दिवसभर ते अंगणातच असत.

माझी सख्खी बहीण एका मे महिन्यात अचलपूरहून बसनं आली. मी आत कूलरच्या घरघराटात झोपलेलो, बेल ऐकू गेली नाही. तिनं काकांना विचारलं, भाऊ घरी आहे का? काकांनी ते सांगितलं नाही. पण आतून खुर्ची आणून कडुनिंबाच्या सावलीत मांडली, तांब्याभर माठातलं पाणी दिलं, आणि मी डोळे चोळत दार उघडेपर्यंत पाऊण तास तिच्यापासून चार हात अंतरावर उभे राहिले. मी भांडायला गेलो.

"काका, सख्खी बहीण आहे माझी!"

"असन ना. पन मले काय मालूम सर, तुमाले भेटाचं आहे का नाही?"

बहीण मात्र अजून म्हणते, तुमच्या कॉलनीत माणूस असा तो एकच.

अंगानं काटकुळे, खांद्यातून किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. डावा कान सतत चोळायची सवय. जवळपास कोणी फोनवर बोलायला लागलं की हात कानाकडे जायचा आणि पाय चालू पडायचे. राजकमल चौकातून शेअर ऑटोत बसलेले काका अर्ध्या वाटेत उतरून उन्हात चालत आलेले मी पाहिले आहेत. शेजारचा माणूस स्पीकर लावून घरच्या भानगडी बोलत होता, एवढंच कारण. "त्याले लाज नाही तं आपून ठेवाव," म्हणाले.

दुकानात बिल करताना पोरगी सवयीनं म्हणायची, मोबाइल नंबर? काका शांतपणे म्हणायचे, "आधी तुमचा सांगा." ती गोंधळायची. जन्मतारीख विचारली की दर वेळी वेगळी. औषधाच्या दुकानात ते पासष्टचे होते, चष्म्याच्या दुकानात ऐंशीचे. कुरिअरच्या पाकिटावरची चिठ्ठी सोलून बादलीत भिजत घालायचे आणि लगदा झाला की कढीलिंबाच्या बुडाशी. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेले की बिघडलेला कागदसुद्धा मागून घ्यायचे, आणि चांगल्या प्रतीवर आडवी रेघ मारून लिहायचे, 'फक्त गॅस कनेक्शनकरता'. खाली तारीख आणि सही. अक्षर इतकं देखणं की गॅसवाल्यानं ती प्रत म्हणे साहेबांना दाखवायला नेली.

मोबाइल होता, बटणांचा. तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवलेला. पेन्शनसाठी ओटीपीचे आकडे यायचे असले की डबा उघडायचा, काम झालं की बंद. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, बहीण अकोल्याला. तिला ते दर आठवड्याला अंतर्देशीय पत्र लिहीत.

आम्ही त्यांना हसायचो. मीही. "काका, आपल्याजवळ लपवण्यासारखं आहे काय? सरकारनं पाहिलं तर पाहू द्या की!"

"मंग संडासाले आतून कडी काहून लावता?"

दोन मोटारसायकली चोरीला गेल्या तेव्हा कॉलनीची सुरक्षा समिती झाली. सचिव मी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, कॉलेजात मला कोणी विचारत नव्हतं. इथं विचारू लागले. पाच कॅमेरे बसवायचं ठरलं. चित्र समितीच्या सात जणांच्या फोनवर दिसणार. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली, तिथं काका उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"चोर दिसन काय त्याच्यात?"

"दिसेल की! त्यासाठीच तर," मी म्हणालो.

"चोराले मालूम असते कॅमेरा कुठी आहे ते. तो तोंड बांधून येते. मालूम नसते ते तुमच्या घरच्या पोरीबाळीले. त्याच दिसतीन." ते बसले. लोक हसले. ठराव मंजूर झाला.

मोटारसायकलचोर सापडला नाही. पण आता कबूल करायला हरकत नाही: सकाळच्या चहाबरोबर मी ती पाच चौकोनी चित्रं पाहत असे. दूध कोणाकडे किती वाजता येतं, कोणाचा मुलगा कोणत्या मुलीला कोपऱ्यावर सोडून पुढे जातो, कोणत्या बाई मंगळवारी कोणत्या घरात तासभर बसतात. त्यात वाईट हेतू नव्हता. हेतूच नव्हता. पाहायला मिळत होतं म्हणून पाहत होतो.

एक कॅमेरा माझ्या फाटकावर होता आणि त्यात काकांच्या घराचा बाहेरचा जिना यायचा. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या जिन्यावर एक हिरवी चादर आली. रोज तीच. समितीनं लेखी कळवलं की अडथळा दूर करावा. त्याच देखण्या अक्षरात उत्तर आलं: 'कपडे वाळत आहेत.' सव्वा महिना ते कपडे वाळत होते. शेवटी मी कारागीर बोलावून कॅमेरा विजेच्या खांबावर वर सरकवला. आता चादरीच्या वरून सगळा जिना दिसू लागला. काकांनी खालून पाहिलं, चादर काढली, घडी केली आणि आत गेले. मला वाटलं, जिंकलो.

त्या जिन्यानं वर एक भाडेकरू राहायची. अंजनगाव सुर्जीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, एका सरकारी योजनेत कंत्राटी नर्स. वस्तीवस्तीत फिरून लहान मुलांना डोस द्यायचे, बाळंतिणींची वजनं घ्यायची. हसरी, तुरुतुरु चालणारी. घरी कोथिंबिरीची सांबारवडी केली की आम्हाला वाटीभर आणून द्यायची. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायचा फॉर्म मी काकांना दोनदा दिला होता. त्यांनी तो भरला नाही. "तिले वाटलं तं ती सांगन. मी कोण सांगनारा?"

तिच्या कार्यालयानं हजेरीसाठी एक ॲप सक्तीचं केलं. स्वतःच्याच फोनवर घ्यायचं, सकाळी चेहरा दाखवायचा, आणि मग दिवसभर ती कुठं आहे ते वर दिसत राहायचं. माझ्या बायकोजवळ तिनं एकदा सांगितलं, "काकू, सुट्टीच्या दिवशी मावशीकडे गेली तं सोमवारी साहेब विचारते, बडनेऱ्याले काय काम होतं? सांगा, त्याले काय करा लागते?" बायको म्हणाली, कामावरचे आहेत, विचारणारच. मीही मान डोलावली.

मग रविवारी दुपारी तिच्या खोलीवर बायका जमू लागल्या. सगळ्या तिच्यासारख्याच कंत्राटी, ॲपमुळे फोन घरी ठेवून येणाऱ्या. जिन्यावर चपलांची रांग. काका त्या वेळी जिन्याच्या पायथ्याशी खाट टाकून, जिन्याकडे पाठ करून बसत. बायकांचं ठरलं ते पुढं कळलं: एकाच दिवशी सगळ्यांनी ॲप काढून टाकायचं आणि कार्यालयासमोर बसायचं. गुन्हा म्हणावा असं त्यात काही नव्हतं.

सोमवारी मला ठाण्यातून फोन आला. बोलणारे साहेब फार अदबशीर होते.

"सर, तुमच्या कॉलनीचे कॅमेरे लय क्लिअर आहेत म्हणतात. या ना चहाले."

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. समितीचं कौतुक केलं. मग म्हणाले, "कालची दुपार फक्त पाठवून द्या. रूटीन आहे."

कशाला हवी, मी विचारलं नाही. लेखी काही आहे का, तेही विचारलं नाही. त्यांनी धमकावलं नाही, आवाज चढवला नाही. चहात वेलची होती. घरी येऊन मी दुपारी दोन ते पाच एवढा भाग वेगळा कापला. मान्य करतो, काम मन लावून केलं. जिना चढताना प्रत्येकीचा चेहरा नकळत खांबावरच्या कॅमेऱ्याकडे क्षणभर वर व्हायचा. तेवढे तुकडे नेमके जुळवले, साहेबांचा वेळ जाऊ नये म्हणून. नर्ससकट नऊ चेहरे होते. पाठवलं. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं.

दोन दिवसांत नऊ घरी माणसं जाऊन आली. कोणाच्या सासऱ्याला गावच्या पोलीस पाटलानं बोलावून सांगितलं, सुनेले समजवा. कोणाच्या नवऱ्याला त्याच्या दुकानात जाऊन विचारलं, बाई रविवारी कुठं असते माहीत आहे ना? ठरलेल्या दिवशी कार्यालयासमोर तिघीच आल्या आणि अकरा वाजता उठून गेल्या. महिनाअखेरीस नऊही जणींचे करार पुढे चालू झाले नाहीत. कारण कोणालाच दिलं नाही.

महिन्याच्या त्या शेवटच्या दिवशी सकाळी ती नर्स जिना उतरून काकांच्या अंगणात आली. मी आत पडद्यामागं उभा होतो.

"आमच्या नावाची यादी कोणं देली, काका?"

"मले मालूम नाही."

"तुमाले मालूम नाही? आमी येत होतो ते दुसऱ्या कोणाले मालूम होतं? खाट टाकून कोण बसत होतं खाली? मोजत होते काय तुमी आमाले?"

काकांचा हात कानाशी गेला होता.

"माह्या बापासारखं मानलं तुमाले मी!" तिचा आवाज फाटला. "एकीचं लग्न मोडलं, मालूम आहे तुमाले? कीड पडन तुमच्या जिभेले!"

लोक फाटकाशी येऊन उभे होते. काकांनी एकदा, फक्त एकदा, माझ्या खिडकीकडे पाहिलं. पडदा होता, तरी पाहिलं. मग तिला म्हणाले, "मले मालूम नाही, बाई."

दुपारी तिनं ऑटोत गॅसची शेगडी, गादी आणि एक लोखंडी पेटी घातली आणि गेली. किल्ली तिनं काकांच्या हातात दिली नाही. जास्वंदीच्या कुंडीत टाकली.

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, माझी बेल वाजली. दारात काका. एवढ्या वर्षांत ते माझ्या घरी कधी आले नव्हते. बायको पाणी आणायला आत गेली. ते खुर्चीच्या काठावर बसले.

"कोणं देलं ते मले मालूम आहे," म्हणाले.

मी काहीबाही बोलू लागलो. पोलिसांनी मागितलं, मी काय करणार, सचिव आहे, नाही म्हटलं असतं तर... त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. आपलंच सांगू लागले.

तरुणपणी ते अकोल्याकडच्या एका ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. डाव्या कानाला हेडफोन, समोर फोन जोडायच्या दोऱ्यांचा बोर्ड. आणीबाणी आली. वरून लेखी हुकूम आला की अमुक अमुक नंबर ऐकायचे आणि लिहून द्यायचे. त्यात एका औषधाच्या दुकानाचा नंबर होता. लपून राहणारा एक शाळामास्तर दर गुरुवारी परतवाड्याहून त्या दुकानात फोन लावायचा. बोलण्यात राजकारण काही नाही. त्याच्या लहान मुलीला टायफॉइड होता, दुकानदार तिची खबर सांगायचा. ताप उतरला का, पेज घेतली का.

"तीन गुरुवार मी लिवून देलं. कुठून बोलते, किती वाजता, किती मिंटं. चवथ्या गुरुवारी बोलता बोलता लाइन तशीच रायली. रिसीव्हर लटकून होता, मले मागचा गलका आयकू येत होता. इकडून दुकानदार हॅलो हॅलो करून रायला अन् सांगून रायला, मास्तर, पोरीनं आज भात खाल्ला. तिकडे आयकाले कोणी नाही. आयकाले मीच."

बायको पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबली होती.

"दीड वर्षानं सुटला मास्तर. सुटल्यावर एक्स्चेंजवर आला. हातात पेढ्याचा पुडा. म्हणे तुमी लोकायनं गुरुवारचा कॉल कधी चुकवला नाही, म्हणून मले पोरीचं समजत होतं. सगळ्यायले वाटला. मलेही देला." त्यांनी डावा कान चोळला. "मी खाल्ला तो पेढा."

मग ते उठले. आजवर ते मला सर, तुमी म्हणत आले होते.

"मले तं हुकूम होता. लेखी. तुले कोणाचा होता रे?"

ते दाराशी गेले तेव्हा मी कसंबसं विचारलं, "काका, तिला तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"एकदा सांगतलं आयुष्यात," ते म्हणाले, "पुरे झालं."

पुढचं लवकर आटोपतो, कारण त्यात माझ्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं काही नाही. भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली नाही म्हणून काकांवर कारवाई सुरू झाली. पंचाहत्तरीतल्या माणसाला सकाळी दहाला बोलवायचे आणि संध्याकाळी पाचला, साहेब नाहीत, उद्या या, म्हणून परत पाठवायचे. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. पण त्यांचं जाणं-येणं मला फोनवर दिसे. जाताना ताठ असत, येताना फाटकाला धरून उभे राहत. अदबशीर साहेब माझ्या ओळखीचे होते. एक फोन पुरला असता. मी केला नाही; मग त्यात आपलंही नाव कशाला येऊ द्या, असं वाटलं. कॉलनीत सगळ्यांची खात्री होती की बायकांची यादी काकांनीच दिली. रोज ठाण्यात जातो तो आणखी कशाला जाईल? दूधवाल्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

दिवाळीनंतर त्यांनी घराला कुलूप घातलं आणि ते अकोल्याला बहिणीकडे गेले. त्याच हिवाळ्यात आमच्या कॉलनीला ठाण्याकडून आदर्श सुरक्षा समितीचं प्रमाणपत्र मिळालं. शाल, श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. फोटोत मी हसतो आहे. काका मार्गशीर्षात गेले. त्यांच्या भाच्यानं घराचं काही विचारायला फोन केला तेव्हा तेरावासुद्धा होऊन गेला होता.

गेल्या वर्षी बायकोचं ऑपरेशन अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सलाइन बदलायला आलेली नर्स तीच. तिनं बायकोला ओळखलं, हात हातात घेतला. काकू, बऱ्या झाल्या तुमी, म्हणाली. थोडी रोडावली होती. इथं पगार कमी पण त्रास नाही, म्हणाली. सगळ्या कॉलनीची नावं घेऊन चौकशी केली. एकाचं नाव घेतलं नाही. मग जाता जाता म्हणाली, "तो म्हातारा आहे काय अजून? आमचं वाटोळं करून बसलेला?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. काका आले त्या संध्याकाळी ती पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. त्यानंतर त्या गोष्टीवर ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नव्हती.

मी सांगितलं. तिथंच, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून. ठाण्यातला चहा, कापलेला तुकडा, नऊ चेहरे. पडद्यामागं होतो तेही. आणि काका गेले हेही.

वाटलं होतं, ती ओरडेल. तिनं सलाइनची चकती फिरवून थेंब नीट केले, मनगटावरच्या घड्याळात पाहून मोजले. मग पलंगाची कड धरली.

"मी त्यायले म्हटलं, कीड पडन," ती म्हणाली. "भरल्या अंगणात म्हटलं. अन् ते अकोल्यातच होते? इथंच?"

"हो. बहिणीकडे."

"माह्या रोजच्या रस्त्यावर असन घर." ती स्वतःशीच बोलत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "ते जिवंत होते तवा नाही सांगतलं. आता काहून सांगतलं मले? मी आता जाऊ कुठी?"

पुढच्या पलंगावरून कोणी तरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारली. तिनं डोळे पुसले आणि तिकडे गेली.